शाळा उघडायची आहे

२ ऑगस्ट

प्रिय बारके,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळे ठीक आहेत. सोळा महिने फोन लावून लावून माझा कान कायमचा तापलाय, म्हणून लिहायला बसले. सकाळी आठपासून पालक, मग फोनवरचे तास, मग पुन्हा पालक. आता फोन वाजला की उशीखाली ढकलते, मग तो तुझा का असेना. शिवाय तू हल्ली उचलत नाहीस. उचललास तर "ड्युटीवर निघालेय ताई, नंतर बोलू." पत्राला तरी सवडीनं उत्तर देशील.

तर शाळा उघडायची आहे. वरून आदेश आलाय, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात उघडा. कशी उघडायची ते ज्या त्या शाळेनं ठरवायचं. सोबत नऊ पानी फॉर्म. पहिल्या पानावर 'सुरक्षिततेचा आराखडा' असा मथळा आणि खाली अर्धं पान कोरं. सोळा महिन्यांत भल्याभल्यांना जे सुचलं नाही, ते मुख्याध्यापिकेनं अर्ध्या पानात लिहायचं. आमचे संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "बाई, एवढा विचार कसला करताय? शेजारच्या शाळेनं भरलाय, तो उतरवून काढा."

मी काल टेप घेऊन वर्गात गेले. दोनशे बारा मुलं, सात खोल्या. बाकांमध्ये सहा फूट सोडले तर एका खोलीत अकरा मुलं बसतात. बाकीची काय छपरावर बसवू? बाक दिवसातून कितीदा पुसायचे? एखादं पोर खोकलं तर त्याला घरी पाठवायचं, की सगळ्या वर्गाला? डबा कुठं खायचा? तू रोज त्या वॉर्डात उभी असतेस. तुला नाही विचारायचं तर कुणाला?

आणि आमचे गणिताचे सर. तू आली होतीस तेव्हा भेटले होते बघ, जिना चढताना मध्येच थांबून भिंतीवरची सूचना वाचत होते. ती सूचना त्यांना पाठ आहे. लहानपणीच्या आजारात एक फुप्फुस निकामी झालंय त्यांचं, दम लागला की सूचना वाचतात. एकोणसाठ वर्षांचे आहेत. दहावीचं गणित दुसरं कुणी घेत नाही. त्यांचं काय करू?

लवकर लिही. खाल्लंस का, झोपलीस का, तेही लिही.

तुझी ताई


९ ऑगस्ट

ताई,

सरळ मुद्द्याचं लिहिते. हल्ली मला लांबण लावता येत नाही.

बाक पुसण्यात जीव घालवू नकोस. फिनेलचा वास आला की लोकांना निर्धास्त वाटतं, तेवढाच त्याचा उपयोग. हा आजार हवेतून येतो. बंद खोलीत, बोलण्यातून, हसण्यातून, पाढे म्हणण्यातून. तेव्हा आधी खिडक्या बघ. प्रत्येक खोलीत जा, एक मेणबत्ती लाव आणि फुंकून विझव. धूर कुठं जातो ते बघत उभी राहा. खिडकीतून निघून गेला तर ती खोली चालेल. डोक्यावर तरंगत राहिला तर ती खोली मुलांना देऊ नकोस, मग अध्यक्ष काही म्हणोत.

अर्धी मुलं एक दिवस, अर्धी दुसऱ्या दिवशी. डबा अंगणात, पाठीला पाठ लावून. मास्क नाकावर, हनुवटीवर नव्हे. मोठी माणसंच जास्त खाली ओढतात, तेव्हा आधी शिक्षकांना रागाव. ज्या खोलीला बाहेरचं वेगळं दार आहे ती आजारी पोरासाठी ठेव, आणि तिथं एक खुर्ची त्याच्याजवळ बसणाऱ्या माणसासाठी. एकटं बसवू नकोस. एकट्या माणसाचा श्वास भीतीनंच वाढतो. हे मी पुष्कळ पाहिलंय.

सरांना घरूनच शिकवू दे. हट्ट करतील, तो तू मोडायचास. एका फुप्फुसाचा माणूस आमच्याकडे आला की आम्ही एकमेकींकडे बघायचो नाही.

वॉर्ड ठीक. मी ठीक. खाते, झोपते.

बारकी


२० ऑगस्ट

बारके,

तुझं पत्र वाचून त्याच दिवशी मेणबत्ती घेतली. सातवीच्या वर्गात फुंकली आणि बघत बसले. धूर वर गेला, पंख्यापाशी पसरला आणि तिथंच मुक्काम ठोकला. आपण या खोलीत पंचवीस वर्षं मुलं कोंबली, आणि ती जांभया देतात म्हणून त्यांनाच बोल लावला.

शाळेला अठ्ठावीस खिडक्या आहेत. उघडतात नऊ. बाकीच्यांवर दर दोन वर्षांनी रंगावर रंग चढलाय, फट म्हणून दिसत नाही. सुताराला बोलावलं. त्यानं बोटानं टकटक केलं आणि म्हणाला, "बाई, ही खिडकी नाही, भिंत आहे. खिडकीचं नुसतं चित्र काढलंय." मग चार दिवस कानशी आणि पटाशी घेऊन बसला. एकेक झडप सुटताना अशी कडकड वाजायची की शेजारपाजारचे बघायला यायचे. अध्यक्षांना मात्र फाटकाशी जंतुनाशकाच्या फवाऱ्याची कमान हवी होती, वर त्यांच्या नावाची पाटी. मी म्हटलं, फवारा मारून मुलं नाहीत, फार तर झाडं वाढतील. दोन दिवस बोलले नाहीत. तेवढीच विश्रांती.

आता पालकसभेचं सांगते. अंगणात खुर्च्या लांब लांब मांडल्या होत्या. मी आराखडा वाचला. कुणाच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. मग पाचवीतल्या एका मुलीची आई उठली. शांत बाई आहे, एरवी बोलत नाही. म्हणाली, "हे सगळं बरोबर असेल. पण माझ्या पोरीला काही झालं तर तुम्ही जबाबदार का?"

काय बोलणार? 'हो' म्हटलं तर खोटं, 'नाही' म्हटलं तर शाळा उघडायचीच कशाला? मग पर्समधून तुझं पत्र काढलं आणि म्हटलं, "माझी सख्खी बहीण या आजाराच्या वॉर्डात नर्स आहे. आजही तिथंच उभी आहे. तिनं काय लिहिलंय ते ऐका." आणि वाचून दाखवलं. आजाऱ्याजवळच्या खुर्चीचं वाचलं तेव्हा मागं कुणीतरी रडलं. सभा संपल्यावर एकशे चाळीस जणांनी संमतीपत्रावर सह्या केल्या. त्या बाईनं पहिली केली.

माझ्या शब्दानं जे झालं नसतं ते तुझ्या शब्दानं झालं. फार बरं वाटलं गं. घरी येऊन बूट न काढताच झोपले.

सरांचं बघू काय ते.

ताई


२८ ऑगस्ट

ताई,

ते पत्र वाचून दाखवायला नको होतंस.

मी अकरा आठवडे वॉर्डात गेलेली नाही.

हे तुला फोनवर सांगता येत नव्हतं, म्हणून फोन उचलत नव्हते. तुझा आवाज ऐकला असता तर बांध फुटला असता. आता लिहायलाच हवं, कारण एकशे चाळीस माणसांनी माझ्या भरवशावर सही केलीय.

झालं असं. एक बाई होती, शिवणकाम करणारी. ऑक्सिजन लावलेला, तरी माझ्याकडे बघून म्हणाली, "सिस्टर, तुमच्या गाउनची शिवण उसवलीय, सुई मिळाली तर घालून देते." मी हसले. दोन दिवसांनी गेले तेव्हा तिच्या बेडवर नवी चादर घालत होते. ती काही पहिली नव्हती. तिच्यानंतरही पुष्कळ गेले आणि मी काम करत राहिले. मग जूनमध्ये एका सकाळी कपडे बदलायच्या खोलीत एक हातमोजा चढवला आणि दुसरा चढवता येईना. हात हलेना. मी अर्धा तास तशीच उभी होते म्हणे. मेट्रनबाईंनी रिक्षात घालून घरी पाठवलं. तेव्हापासून रजा.

ह्यांना माहीत आहे. पोरीला वाटतं, आईला विश्रांती दिलीय. गल्लीत कुणालाच माहीत नाही. दुकानात रांग असते, मला बघून लोक बाजूला होतात. "सिस्टर, तुम्ही पुढे या." आणि ताई, मी जाते पुढे. तेल-साबण घेते आणि मान खाली घालून घरी येते.

तुला लिहिलं ते सगळं खरं आहे. खिडक्या, मास्क, खुर्ची, त्यात एक अक्षर फिरवायचं नाही. पण ते वॉर्डात उभ्या असलेल्या बाईनं लिहिलेलं नाही, पळून आलेल्या बाईनं लिहिलंय. तसं त्यांना सांग.

आणि सरांबद्दल 'बघू' म्हणजे काय? मी विचारलंय, उत्तर दे.

बारकी


७ सप्टेंबर

बारके,

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळा उघडली. मला राग आला होता. तू गेली नाहीस याचा नव्हे. सगळ्यांसमोर मी तुला वर्दी चढवून उभी केली आणि तू आत नव्हतीसच, याचा. मग वाटलं, वर्दी चढवली मीच. तुला विचारलं कुठं होतं?

पालकांना सांगितलं नाही. सांगणार होते. पण सकाळी फाटक उघडलं आणि मुलं आली. मुलांचे पाय बघायला हवे होतेस. गणवेशातून वीतभर बाहेर आलेले. मास्कमुळे निम्म्यांना मी ओळखलं नाही, आणि त्यांनी मला. पहिलीतल्या पोरांनी शाळा कधी पाहिलेलीच नव्हती. घंटा वाजली तसं एक पोर जागच्या जागी खाली बसलं. अशा दिवशी, "ती बहीण खरं म्हणजे घरी बसलीय," असं कोणत्या तोंडानं सांगू?

सर येतात. मीच त्यांच्या घरी गेले होते विचारायला, पालकसभेच्या आधीच. मागच्या पत्रात लिहिलं नाही, कारण तू काय म्हणशील ते तू आधीच म्हणून ठेवलं होतंस. दहावीची सदतीस मुलं आहेत. फोनवरून गणित शिकून निम्मी कोरी राहिलीत. मी त्यांच्या बैठकीत बसून म्हटलं, "सर, आठवड्यातून दोनच दिवस. सगळ्यात वाऱ्याची खोली तुम्हाला देते." त्यांच्या बायकोनं पाणी आणून ठेवलं आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या. सर म्हणाले, "कधीपासून येऊ?"

आता बोल काय बोलायचं ते. दोघींनीही एकेक गोष्ट पोटात ठेवली, फिटंफाट झाली असं मी मनाला सांगते. पटत नाही.

ताई


२३ सप्टेंबर

बारके,

तुझं उत्तर आलं नाही, तरी लिहिते.

सरांना बुधवारी ताप आला. शुक्रवारी श्वास अपुरा पडू लागला. इथल्या दवाखान्यात ऑक्सिजन पुरेना, म्हणून तुमच्या शहरात हलवलंय. तुझ्याच हॉस्पिटलात. दहावीतल्या दोन मुलांनाही झालाय, पण ती बरी आहेत, घरात दंगा करताहेत. कुणाकडून कुणाला गेला ते कळायला मार्ग नाही. सर त्याच आठवड्यात पुतण्याकडेही जाऊन आले होते. अध्यक्षांनी ते तत्परतेनं शोधून काढलं आणि मला म्हणाले, "बघा, शाळेचा काही संबंध नाही." मला मान हलवावीशी वाटली. एवढी दमलेय की कुणीही काही म्हटलं तरी मान हलवावी असं वाटतं.

दहावीचा वर्ग चौदा दिवस बंद केला. दुसऱ्या दिवशी फाटकाशी पालक जमले. त्यात ती पाचवीतल्या मुलीची आई. म्हणाली, "तुमची बहीण काय म्हणते आता?"

मी सांगून टाकलं. म्हटलं, "माझी बहीण जूनपासून घरी आहे. तिला तो वॉर्ड सोसवेना. मी पत्र वाचलं तेव्हा मला माहीत नव्हतं. नंतर कळलं, तरी पंधरा दिवस गप्प बसले. आणि सरांना मीच बोलावलं होतं." वाटलं, आता दगड पडतील. ती बाई पुढे आली आणि म्हणाली, "मग खिडक्यांचं काय? उघड्या ठेवायच्या की नाही?"

म्हटलं, "ठेवायच्या."

"मग पोरगी येईल," म्हणाली आणि गेली. काहींनी मात्र मुलं काढून नेली. त्यांना दोष देत नाही.

सरांच्या बायकोला आत सोडत नाहीत. बिचारी फाटकाबाहेरच्या बाकावर बसून असते म्हणे. मी तुझ्याकडे काहीही मागत नाही. हे नीट वाच, मागत नाही. दुसरा मजला, चौदा नंबर, एवढं फक्त माहीत असावं म्हणून लिहिलं.

ताई


४ ऑक्टोबर

ताई,

तू मागितलं नाहीस तेच बरं केलंस. मागितलं असतंस तर गेले नसते.

पहिल्या दिवशी फाटकापर्यंत गेले आणि परत आले. दुसऱ्या दिवशीही. तिथं बाकावर एक बाई डबा मांडीवर घेऊन बसली होती. त्या कोण हे मी ओळखलं, पण बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "तुमचंही कुणी आहे का आत?" मी 'हो' म्हटलं आणि मग आत जावंच लागलं.

मेट्रनबाईंना वाटलं, राजीनामा द्यायला आले. मी म्हटलं, "एक तास. दुसरा मजला." त्यांनी हातमोजे दिले आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. डावा मी चढवला. उजवा त्यांनी चढवला, लहान मुलाला चढवतात तसा.

सर पालथे झोपले होते. मी नाव सांगितलं, तुझी बहीण म्हणून. एक डोळा उघडून म्हणाले, "खिडक्यांवाल्या?" मी म्हटलं, हो. "ताईंना सांगा..." आणि थांबले. त्यांना वाचायला तिथं सूचनाही नव्हती. मी पाठीवर हात ठेवून बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "त्या घरी आल्या, तेव्हा मला बरं वाटलं. सोळा महिने कुणी काही विचारलंच नव्हतं. जेवलात का, एवढंच विचारायचे." मग, "पण हिला हे सांगू नका. ही चिडेल."

त्यांना खोटी आशा दाखवली नाही, तुलाही दाखवत नाही. आज श्वास परवापेक्षा बरा आहे. बरे झाले तरी पहिल्यासारखे व्हायचे नाहीत. जिना विसरायचा, वर्ग विसरायचा.

खाली येऊन त्यांच्या बायकोला सगळं सांगितलं. काय खाल्लं, किती बोलले. काय बोलले ते नाही सांगितलं. त्यांनी डबा माझ्यापुढे केला. "तुम्हीच खा, तो आत नेता येत नाही." मी तिथंच बाकावर बसून खाल्ला.

आठवड्याला तीन दिवस जायचं ठरलंय. जमेल का माहीत नाही. गेल्या मंगळवारी जमलं नाही, जिन्यातून परत आले. दुकानात आता रांगेत शेवटी उभी राहते. लोकांना वाटतं, मी नम्र आहे.

तुझ्यावर रागावलेय. सरांना बोलवायला नको होतंस. हे एकदा लिहिलं, पुन्हा लिहिणार नाही.

बारकी


१० डिसेंबर

बारके,

तू लिहिलंस ते खरं आहे. मला नको होतं बोलवायला.

सर घरी येऊन महिना झाला. मी दोनदा गेले. दोन्ही वेळा त्यांच्या बायकोनं दार अर्धंच उघडलं. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "बोलताना दम लागतो त्यांना. तुम्ही आलात की ते बोलतील." आणि दार लावलं. आपटलं नाही, हळू लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं. आतून सरांचा आवाज आला, "कोण आहे?" त्या म्हणाल्या, "कुणी नाही." मी पायऱ्या उतरले.

संस्थेनं अहवाल मागितला होता. अध्यक्षांनी तयारच करून आणला, फक्त सही करायची. 'सदर शिक्षक स्वेच्छेने हजर झाले.' मी म्हटलं, ते वाक्य बदला. ते म्हणाले, "बाई, वाक्यच तर आहे. तुमच्याच भल्याचं आहे." मी ते खोडून वर लिहिलं, 'मुख्याध्यापिकेने बोलावल्यावरून हजर झाले,' आणि सही केली. त्यांनी कागद उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच मला काही समजावायला गेले नाहीत.

परिणाम व्हायचा तो झाला. एक तारखेपासून मी मुख्याध्यापिका नाही. मराठीच्या बाईंना कार्यभार दिलाय. त्या हुशार आहेत. फॉर्म आता अठरा पानी झालाय, तो त्यांच्या टेबलावर आहे. मला वाईट वाटायला हवं होतं. मी घरी येऊन पाय धुतले आणि चहा घेतला.

शाळा चालू आहे. एकशे एकोणऐंशी मुलं येतात. मध्ये एकदा चौथीचा वर्ग आठवडाभर बंद ठेवला, पुन्हा उघडला. आता तशी सवय झालीय.

दहावीच्या गणिताला माणूस मिळत नाही. नव्या बाईंनी मला विचारलं. मी भाषा शिकवणारी, गणित सोडून तीस वर्षं झाली. पण 'नाही' कसं म्हणू? आठवडाभर पुस्तक घेऊन बसले आणि काल वर्गावर गेले. फळ्यावर समीकरण मांडलं, सोडवत गेले. पाच ओळी झाल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, वजाचं अधिक झालंय."

"कुठं?"

"तिसऱ्या ओळीत."

"मग दोन ओळी गप्प का बसलात सगळे?"

मग तीच म्हणाली, "आम्हाला वाटलं, तुम्ही मुद्दाम चुकवलंत. सर चुकवायचे मुद्दाम, आम्ही बघतोय की नाही ते बघायला."

सगळे माझ्याकडे बघत होते. नुसते डोळे, त्या दिवशीच्या अर्ध्या वर्गाच्या अठरा जोड्या. 'हो, मुद्दामच' म्हणायला एक क्षण पुरला असता.

मी म्हटलं, "नाही गं. मला येत नाही."

आधी कुणीतरी मास्कमध्येच फुसकन हसलं. मग सगळा वर्ग. चिडवणारं हसणं नव्हतं ते, सुटल्यासारखं होतं. मुलगी उठून पुढे आली, डस्टरनं तीन ओळी पुसल्या आणि माझ्याकडे हात केला. मी तिला खडू दिला आणि तिच्या बाकावर जाऊन बसले. बाक फार अरुंद आहेत गं, इतकी वर्षं कळलं नव्हतं. गुडघे आत जाईनात. तशीच वाकडी बसून मी पुढचं उतरवून घेतलं.

तुझी ताई